काट्याचा चोपदार

काटा काही हलेना! भीमबहाद्दर महाराजांनी आजोबांच्या जुन्या मोटारीत नवं इंजिन बसवलं. ते चालवायला एक छोटा कॉम्प्युटर आला, आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा आजोबांचा मीटर शून्यावर झोपून राहिला.

"मीटर उघडायचा नाही! कॉम्प्युटरला हात लावायचा नाही! दसऱ्याच्या मिरवणुकीआधी काटा नाचला पाहिजे!" महाराज गरजले.

त्याच सकाळी त्यांनी ललकारी देणाऱ्या रखमाजी चोपदाराला कामावरून काढलं होतं. "आता निरोप मोबाइलवर येतात. ओरडायला माणूस कशाला?"

रखमाजीची मुलगी सगुणा तालुक्याला ट्रॅक्टरचं वायरिंग करायची. ती बापासोबत थेट मोटारीपाशी आली.

"काटा हलवला तर आबांची नोकरी राहील?"

"आधी हलव तर!"

सगुणाने मीटरकडे जाणाऱ्या तारेत एक डबी जोडली आणि चावी फिरवली. काटा टुणकन उडाला!

महाराज वाकून बघू लागले. "ही डबी कसली?"

"हा चोपदार, महाराज! जुन्या इंजिनात प्रत्येक ठिणगीला या मीटरला सणसणीत झटका बसायचा. त्याला तीच सवय. नवा कॉम्प्युटर नुसता कुजबुजतो, म्हणून मीटर ढिम्म! मग ट्रॅक्टरच्या हॉर्नचा जुना रिले मधे उभा केला. तो कुजबुज ऐकतो आणि पुढे झटका मारतो."

"म्हणजे आमचा मीटर बहिरा?"

"छे! राजघराण्यातला आहे."

मागे उभ्या असलेल्या महाराजांच्या सेक्रेटरींना एकदम खोकला आला.

"जीभ फार चालते तुझी!" महाराज म्हणाले. "मीटरला चोपदार लागतो, आम्हाला नाही!"

"मग जेवायला कधी जाणार?"

"बोलावणं आल्यावर!"

"महाराज," सेक्रेटरी पुटपुटले, "पाच मेसेज केले. मोबाइलवर."

महाराज मोटारीकडेच बघत राहिले. त्यांना पुटपुटणंही ऐकू गेलं नव्हतं! सगुणाने बापाला खूण केली. रखमाजीने छाती भरून घेतली.

"महाराऽऽज! पुरणपोळी निवतेय होऽऽ!"

महाराज दचकले, वळले आणि तरातरा मुदपाकखान्याकडे निघाले!

"बघा!" सगुणा ओरडली. "काटा हलला!"

महाराज जागीच थांबले. आधी मिशा थरथरल्या, मग पोट, मग ते खो खो हसत सुटले. "रखमाजी, तुझी नोकरी कायम! आणि सगुणा, मिरवणुकीत ही मोटार तूच चालवायचीस. चल, आधी पोळी खा!"