हौसाच्या नवऱ्याची अट

एका गावात एक भोळा गडी होता. नाव गेनू. भोळा म्हणजे किती? कुणी 'जरा थांब' म्हटलं की थांबायचा, आणि सांगणारा विसरून घरी गेला तर दिवेलागणीपर्यंत तिथंच उभा.

अशा या गेनूवर दौलतमामांच्या हौसाचं मन बसलं. मैत्रिणी हसल्या. हौसा म्हणाली, "हसा खुशाल. सांगितलेलं ऐकणारा नवरा तुम्हाला तरी मिळालाय का?" दौलतमामा मात्र पक्के. त्यांनी गेनूला बोलावलं आणि सांगितलं, "एक नोकरी सहा महिनं टिकवून दाखव. मग पोरगी देतो."

मामांच्या घरासमोर कुमुदताई राहायच्या. गणिताच्या शिक्षिका, आता निवृत्त. घरातच वधूवर सूचक मंडळ चालवायच्या, तेही कॉम्प्युटरवर. एका तक्त्यात चाळीस मुलं, दुसऱ्यात एकतीस मुली. हौसाचं नाव मामांनी आधीच घातलं होतं. ताईंनी गेनूला कामावर घेतलं, तेव्हा मुलांत चाळीसावं नाव त्याचं घातलं.

"कॉम्प्युटरशी बोलायची भाषा एसक्यूएल," ताई म्हणाल्या. "जे मागाल तेवढंच मिळतं. मनातलं ओळखणं या यंत्राला जमत नाही."

गेनूला यंत्र पाहताक्षणी आवडलं.

मग पहिला धडा झाला. "तक्ता म्हणजे ओळींचा संच. संचात एक गोष्ट एकदाच. तीच पुन्हा दिसली की काढून टाकायची."

त्या दिवशी स्थळांची चौकशी करायला दहा पाहुणे आले. दारात चपला काढून आत बसले. गेनूनं बाहेर पाहिलं, तर प्रत्येक चप्पल दोनदा. त्यानं एकेक उचलली आणि ओढ्यात सोडून दिली. पाहुणे एका पायात चप्पल घालून लंगडत घरी गेले.

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे, दिसायला सारखं म्हणजे तेच नव्हे. दोन गोष्टी एकच आहेत का, ते ओळख क्रमांकावरून ठरवायचं. क्रमांक एक तर गोष्ट एक."

"हे आधी सांगायचं ना, ताई," गेनू म्हणाला.

आठवड्यानं मुलाकडची मंडळी मुलगी बघायला आली. घर वरच्या आळीत, बारा नंबर. गेनू त्यांना खालच्या आळीतल्या बारा नंबरात घेऊन गेला. जवळ पडत होतं, आणि क्रमांक तोच होता. तिथं गणपततात्या एकटेच राहायचे. म्हैस विकायला काढली होती. गिऱ्हाईक आलं असं समजून त्यांनी चहा ठेवला.

"स्वभावानं कशी आहे?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"गरीब आहे हो," तात्या म्हणाले. "फक्त धार काढताना लाथ मारती."

मंडळी चहा न पिताच उठली.

"अरे, नुसता नंबर पुरत नाही," ताई म्हणाल्या. "आळी आणि नंबर मिळून ओळख होते."

"हे आधी सांगायचं ना, ताई."

ताईंनी त्याला दारापासून दूर नेऊन थेट कॉम्प्युटरपुढे बसवलं. पाच महिने तो नावांपुढे नुसते पत्ते आणि फोन नंबर भरत होता आणि सगळं सुरळीत होतं. सहावा महिना भरला तेव्हा ताईंनी जोड्या लावायला शिकवलं. "प्रत्येक मुलासमोर प्रत्येक मुलगी मांड. मग अट लाव. अटीत न बसणाऱ्या जोड्या गळतात. अटच नसेल तर सगळ्या राहतात. राहिलेल्यांना मोबाईलवर निरोप धाडायचा."

त्याच दिवशी दौलतमामा बोलणी करायला आले. गेनूच्या मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून त्याच्या बाजूनं ताईच बसल्या.

"सहा महिनं झालं," मामा म्हणाले. "आमची काय अट न्हाई."

"आमचीही काही अट नाही," ताई म्हणाल्या. रीतच आहे तशी.

गेनूनं दोन्ही कानांनी ऐकलं. आत गेला, स्वतःच्या नावासमोर मुली मांडल्या आणि अट लावली नाही. एकतीस घरी निरोप गेला. 'गेनूशी लग्न ठरले. रविवारी दौलतमामांच्या अंगणात साखरपुडा. मुलीला घेऊन यावे.'

ताईंच्या मंडळाचा निरोप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रविवारी मामांच्या अंगणात हौसा धरून एकतीस नवऱ्या नटून बसल्या. तीस बाप एकमेकांकडे बघू लागले, मग सगळे मिळून मामांकडे. गेनू सगळ्यांना पाणी देत फिरत होता. आयुष्यात इतका खूश तो कधीच नव्हता.

ताईंनी घरोघरच्या माणसांची हात जोडून माफी मागितली. मंडळी फणफणत गेली. मामा तर लालबुंद झाले होते. "मोडलं लग्न," ते म्हणाले.

हौसा पुढं आली. "आबा, अट घातली न्हाई ती तुम्ही. त्यानं सांगितलं तेवढंच केलं."

मामांची एकुलती एक लेक. तिचे डोळे भरलेले बघून त्यांचा राग निम्मा उतरला. "बरं," ते म्हणाले. "गेनू, आता नीट ऐक. एकच अट. माझ्या हौसाचा नवरा शहाणा पाहिजे. जा, लाव ती अट, आणि हा घोळ निस्तरून ये."

गेनू पळत समोर ताईंच्या घरात गेला. हौसासमोर चाळीस मुलं मांडली. एकेक नाव वाचलं. शेवटचं नाव त्याचं स्वतःचं होतं. तिथं तो बराच वेळ थांबला. आपण शहाणे नाही, हे त्याला लहानपणापासून सगळ्या गावानं सांगितलं होतं, आणि सांगितलेलं तो ऐकत असे. त्याला फार वाईट वाटलं. हौसा त्याला मनापासून हवी होती. त्यानं शर्टाच्या बाहीला डोळे पुसले आणि काम पुरं केलं.

परत आला तेव्हा मामांनी विचारलं, "लावलीस अट?"

"लावली."

"शाबास. मग आता राहिलं कोण?"

"एकोणचाळीस," गेनू म्हणाला. "सगळ्यांना हौसाशी लग्न ठरल्याचं कळवलंय. पुढच्या रविवारी वऱ्हाड घेऊन येतायत. मी तेवढा गळालो."