पेटणारं पाणी

धानाच्या मुलखात, जिथे बांधाबांधावर मोहाची झाडं उभी असतात, तिथल्या एका गावात शालिक नावाचा धुरकरी राहत असे. धुरकरी म्हणजे शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, जोडी पळवणारा. शालिकसारखा धुरकरी त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. तो बैलाला कधी काठी लावत नसे. "हुर्र" अशी एक हाळी देई आणि बैल सुसाट सुटत. जोडी होती आडकूजी पाटलांची. पण पाखऱ्या आणि कवड्या हे दोन्ही बैल गोऱ्हे होते तेव्हापासून शालिकच्याच हाताखाली वाढले होते. पाटलांनी हाक मारली तर ते नुसते कान हलवत. शालिकनं मारली तर पाय उचलत.

त्या गावाची एक जुनी रीत होती. पटाच्या दिवशी चिंचेच्या फांदीला मोठा तराजू टांगायचा. एका पारड्यात बियाण्याच्या धानाचं पोतं ठेवायचं आणि दुसऱ्यात धुरकऱ्याला बसवायचं. धुरकऱ्याचं पारडं खाली गेलं, तर त्या वर्षी त्यानं छकडीवर बसायचं नाही. मुक्या जनावरानं जीव तोडून पळायचं आणि मागे माणसानं ओझं व्हायचं, हे जुन्या लोकांना पसंत नव्हतं. पोतं दरसाल त्याच मापानं भरलं जाई, त्यामुळे ते दरसाल तेवढंच असे. माणूस मात्र तेवढाच राहत नाही.

शालिकही राहिला नाही. सलग काही पट जिंकल्यावर जो तो त्याला घरी बोलवू लागला. कोणी जेवू घातलं, कोणी पाजलं. नाही म्हणायचं कशाला? हळूहळू शालिकचं अंग सुटलं. पोळ्याच्या सणाला नवी छकडी जुंपली, शालिक ऐटीत वर बसला आणि थोडं अंतर जाताच कवड्याच्या तोंडाला फेस आला. पाटलांनी तिथेच तराजू टांगायला सांगितला. शालिक पारड्यात बसला मात्र, पारडं धपकन जमिनीला टेकलं. पोतं वर लोंबकळत राहिलं. पोरंसोरं हसली.

पाटील म्हणाले, "शालिक, पट संक्रांतीनंतर हाय. तवरी पोत्याइतका झाला त बस. नाई त जोडी उरकुडा हाकील."

उरकुडा हा पाटलांचा भाचा. अंगानं काटकुळा आणि आवाजानं दांडगा. बैलापेक्षा तोच जास्त ओरडायचा. आपल्या पाखऱ्या-कवड्याचा कासरा त्याच्या हाती जाणार, हे शालिकला सहन होईना. त्यानं तिथल्या तिथे कान पकडले आणि आजपासून जिभेला लगाम घालतो, असं सगळ्यांदेखत सांगितलं.

आणि घातलाही. भात सोडला. ज्या गावात पाहुण्याला आधी भात झाला का विचारतात, त्या गावात राहून त्यानं भात सोडला. गूळ सोडला, तूप सोडलं. दिवाळीत बहिणीनं अनारसे पाठवले, ते त्यानं शेजाऱ्यांना वाटून टाकले. दोन वेळच्या जेवणात मिळून एक भाकर, वर पालेभाजी. लोक तोंडात बोटं घालत. "तप करून रायला पठ्ठ्या," असं म्हणत. शालिकला ते ऐकून बरं वाटे.

फक्त संध्याकाळची एक गोष्ट त्यानं सोडली नव्हती. दिवेलागण झाली की तो मोहाच्या दारूची बाटली घेऊन चुलीजवळ बसे. पिण्याआधी तिची पारख करी. चार थेंब चुलीत उडवी. भप्पकन निळी ज्योत उठली की मान डोलावी आणि म्हणे, "अस्सल हाय. पाणी असती त पेटली नसती." मग पेला भरी.

त्याची बायको भागरता एकदा म्हणाली, "हे चालते काजी तुमच्या पथ्याले?"

"कायले नाई चालत?" शालिक म्हणाला. त्यानं तळहातावर एक थेंब घेतला आणि फुंकर घातली. थेंब उडून गेला. "पाह्य. काई उरलं का? हातावर उरत नाई, त पोटात काय उरन? पातळ ते पातळ. अन् वरून गरम! चरबी पघळते यानं."

भागरतानं त्याच्या तळहाताकडे पाहिलं, मग त्याच्या पोटाकडे पाहिलं, आणि भाकरी थापू लागली.

आता उपाशी पोटाला दारू लवकर चढते आणि चढली की भूक खवळते, हे सांगायला वैद्य लागत नाही. एका पेल्याचे दोन झाले, कारण दिवसभर पोट कावकाव करी आणि दारूनं तेवढ्यापुरतं गप्प बसे. मग पेल्यासोबत तोंडी लावायला भाजलेली सुकी मासोळी आली. मासोळीसोबत फुटाणे आले. हे काही जेवण नव्हे, असं शालिकचं मत. आणि दोन पेल्यांनंतर त्याला कशाचंच मत राहत नसे. सकाळी भागरता भाताचं भांडं उघडी, तर बूड दिसे.

"मांजर लई माजली हाय," शालिक गंभीरपणे म्हणे.

"हव ना," भागरता म्हणाली. "भात खाते अन् वरतं झाकनबी ठेवून जाते. गुणाची हाय."

दिवाळी सरली. शालिक आपण होऊन पाटलांकडे गेला आणि तराजू टांगा म्हणाला. इतक्या दिवसांची तपश्चर्या, आता पारडं वर जाणारच याची त्याला खात्री होती. तो बसला. पारडं खाली गेलं, आणि पोळ्याला गेलं होतं त्याहून जोरात गेलं. शालिकचा चेहरा उतरला. मग त्याला राग आला. नाचता येईना अंगण वाकडं.

"पोत्याले उंदीर लागले असन!" तो ओरडला. "धान कमी झालं हाय. पोतं खोटं हाय!"

पाटलांनी पोतं सोडलं, धान चादरीवर ओतलं आणि सगळ्यांसमोर पुन्हा मापानं मोजून भरलं. धान जेवढ्याला तेवढं निघालं. पोत्याला भोक तर सोडाच, एक धागा उसवलेला नव्हता.

"मंग मी काय हवा खाऊन वाढून रायलो?" शालिक रडकुंडीला येऊन म्हणाला. यावर लोक इतके हसले की त्याला तिथून उठून जावं लागलं. जाताना त्यानं पाहिलं, उरकुडा छकडीच्या चाकांना वंगण घालत होता.

त्या दिवसापासून शालिकनं एकाची अर्धी भाकर केली आणि दारू दिवेलागणीच्या आधीच सुरू केली. हात थरथरू लागले. चालताना दम लागू लागला. एका सकाळी तो पाखऱ्याला खाजवायला गेला, तर वासरू असल्यापासून त्याच्या खांद्यावर मान टाकणाऱ्या त्या बैलानं त्याच्या तोंडाचा वास घेतला, फुर्र केलं आणि मान फिरवली. शालिकला लोकांच्या हसण्यापेक्षा ते जास्त लागलं. पण त्या दुःखावरही त्यानं संध्याकाळी उपाय केला तो तोच.

मार्गशीर्षात कवड्या वाळला. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. पाटील काळजीत पडले. शालिक मात्र निवांत होता. बैलाच्या बाबतीत त्याचा हात कोणी धरत नसे.

"फिकर नका करू जी," तो म्हणाला. "आंबोणात मोहफुलं भिजवून घालतो. पाहा कसा भरते ते."

आंबोण म्हणजे कोंडा आणि पेंड पाण्यात कालवून जनावराला देतात ते. शालिकनं त्यात मोहाची सुकी फुलं टाकली आणि कवड्याला रोज घमेलंभर दिलं. पाहता पाहता बैल भरला. पाठ सपाट झाली, कातडी चमकू लागली. पाटलांनी शालिकची पाठ थोपटली. कितीतरी दिवसांनी कोणी त्याला चांगलं म्हटलं होतं. तो खुशीत घरी आला, चुलीजवळ बसला, चार थेंब आगीत उडवले. निळी ज्योत उठली.

"अस्सल हाय," तो म्हणाला. "पाणी असती त पेटली नसती."

भागरता चुलीपुढेच होती. ती म्हणाली, "एक इचारू काजी?"

"इचार ना."

"कवड्या कायनं भरला?"

"मोहानं. माह्या हातचं आंबोण होतं ते!"

"मोह बैलाच्या अंगी लागते. तुमच्या नाई लागत?"

शालिक हसला. "येडी हायेस. त्याले मी फुलं घालतो. माह्यं त गाळून काढलेलं पाणी हाय."

"पाणी असती त पेटली नसती," भागरता म्हणाली. "हे मी नाई म्हनत, तुमीच रोज म्हनता. मंग चुलीत पेटते ते तुमच्या पोटात जाऊन पाणी कसं होते?"

शालिकनं पेला भरला, पण तोंडाला लावला नाही.

भागरतानं मूठभर तणीस, म्हणजे धानाचा वाळला पेंढा, उचलली आणि चुलीतल्या लाकडावर टाकली. तणीस भडकली. लाकूड खाली तसंच राहिलं. "पाहा. तणीस पडली का लाकूड वाट पाह्यते. तसं तुमच्या पोटात दारू आधी जळते अन् भाकर पडून रायते. पडून रायलेली भाकर जाईल कुठं? बसते अंगावर. अन् त्या मांजरीचा भात वेगळाच."

मांजरीचं नाव निघताच शालिकला हसू आलं. पण ते हसू मध्येच विरलं आणि त्याचे डोळे भरले. इतके दिवस तो खरोखर उपाशी राहिला होता. भुकेनं कळवळला होता. आणि ते सगळे कष्ट त्यानं स्वतःच रोज संध्याकाळी बुडवले होते. बैलाच्या पोटातलं कळणाऱ्या माणसाला आपल्या पोटातलं कळलं नव्हतं. त्यानं भरलेला पेला उचलला आणि अंगणात जाऊन ओतून टाकला.

सोडणं सोपं नव्हतं. दिवेलागण झाली की अंग दारू मागायचं, झोप लागायची नाही, चिडचिड व्हायची. मग त्या वेळी तो बैल सोडून घेई आणि त्यांच्यामागे नाल्यापर्यंत पायी जाऊन येई. अर्ध्या भाकरीचा हट्टही भागरतानं मोडून काढला. दोन्ही वेळ भाकर, भाजी, वाटीभर भात ती समोर बसून वाढी. शालिक पोटभर जेवत होता आणि तरी त्याच्या कमरेचा करगोटा सैल होत होता. भाताच्या भांड्यातला भातही सकाळी जागेवर सापडू लागला. पण संक्रांत काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती.

पटाचा दिवस उजाडला. गावोगावच्या जोड्या आल्या. चिंचेला तराजू टांगला. शालिक मनात देवाचं नाव घेऊन पारड्यात बसला. पारडं हललं, वर आलं, आणखी वर आलं. लोकांनी श्वास रोखला. दांडी थांबली तेव्हा शालिकचं पारडं पोत्यापेक्षा बोटभर खाली होतं. त्यानं पागोटं काढलं. वहाणा काढल्या. पारडं जरासं वर आलं, पण बरोबरीला आलं नाही.

उरकुड्याच्या भरवशावर पट जिंकता येणार नाही, हे पाटलांना ठाऊक होतं. ते पोत्याजवळ उभ्या असलेल्या गड्याला हळूच म्हणाले, "टाक त्यात दोन ओंजळी धान. कोन पाह्यते?"

शालिकला ते ऐकू आलं. दोन ओंजळी धान, आणि कासरा त्याच्या हातात! समोर पाखऱ्या आणि कवड्या सजून उभे होते. त्यांच्याकडे पाहून त्याचा जीव तुटला. पण तो पारड्यातून खाली उतरला.

"नका टाकू जी," तो म्हणाला. "एक डाव या पोत्याले मी खोटं ठरवलं. खोटा मी होतो. पोतं तवाबी खरं होतं अन् आजबी खरं हाय."

त्यानं कासरा उरकुड्याच्या हाती दिला, दोन्ही बैलांच्या कपाळावरून हात फिरवला आणि चालत चालत मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

निशाण पडलं. जोड्या सुटल्या. उरकुडा घसा फोडून ओरडला, पण पाखऱ्या जागचा हलेना. ओळखीचा आवाज कुठून येतो का, ते तो मान वळवून पाहत होता. तेवढ्यात मैदानाच्या टोकाकडून हाळी आली, "हुर्र!" दोन्ही बैलांचे कान उभे राहिले आणि जोडी अशी सुटली की उरकुड्याला छकडी धरून बसण्याखेरीज काही काम उरलं नाही. एकेक जोडी त्यांनी मागे टाकली. फक्त एक पुढे राहिली. सुरुवातीला खोळंबा झाला नसता तर तीही राहिली नसती. आडकूजी पाटलांचा मान त्या वर्षी हुकला. शालिकला कोणी बोल लावला नाही. बोल लावायला तो स्वतः पुरेसा होता.

धापा टाकत जोडी त्याच्यापाशी येऊन थांबली. पाखऱ्यानं पुढे होऊन शालिकच्या तोंडाचा वास घेतला. शालिक हललाही नाही. बैलानं क्षणभर हुंगलं आणि मग आपली घामेजलेली मान पूर्वीसारखी त्याच्या खांद्यावर टाकली.

पुढच्या पटाला तराजू टांगला तेव्हा पोतं खाली गेलं आणि शालिक वर.

तात्पर्य: ताटातली भाकर कमी करून पेला भरलेलाच ठेवला, तर उपास फुकट जातो. जी दारू चुलीत पेटते, ती पोटात गेल्यावर अंगीही लागते.