गुरवाची एकशे एकविसावी पायरी

फार फार मागची गोष्ट. एका उंच कड्याखाली एक गाव होतं, कड्यावर देवी होती आणि त्या देवीचा एक गुरव होता.

गावातून देवीपर्यंत दगडी पायऱ्या होत्या, बरोब्बर एकशे वीस. पोर बोलायला लागलं की त्याला आधी त्या पायऱ्या मोजायला शिकवत. पायऱ्यांवर कुणीही बसावं, शेंगा फोडाव्यात, गप्पा माराव्यात. गुरवानं मात्र बसायचं नाही. दमला तर उभ्यानं श्वास घ्यायचा आणि पुढं चालायचं. असं का, ते विचारलं तर म्हातारी माणसं विषय बदलायची.

गुरव रोज पहाटे नदीची घागर खांद्यावर घेऊन वर जायचा आणि देवीला अंघोळ घालायचा. तेव्हा तो शेवग्याच्या शेंगेसारखा होता. चढता चढता ओव्या गायचा आणि वर पोचला तरी त्याचा सूर हलायचा नाही.

मग गावाला बरे दिवस आले. चाळीस घरांतून चाळीस नैवेद्य येऊ लागले. पुरणपोळ्या, तेलच्या, शिरा, खीर. गुरवाची समजूत अशी, की देवीआईचं ताट उरवलं तर पाप लागतं. म्हणून पोट भरलं तरी तो खायचा, आणि पोट दुखायला लागलं तरी खायचा.

बायको म्हणायची, "अहो, प्रसाद चिमटीत घेतात, परातीत नाही."

"मग काय आईचं अन्न टाकून देऊ?"

"टाका कशाला? वाटा की!"

"माझ्या हातावर दिलंय आईनं," गुरव म्हणायचा आणि पुढची पोळी तुपात बुडवायचा.

पुढं पुढं त्याला धाप लागू लागली. गावाचा जीव त्याच्यावर. लोकांनी पाण्यासाठी एक कावडवाला लावून दिला आणि गुरवासाठी डोली केली. सहा वर्षं गुरवाचा पाय पायरीला लागला नाही.

दसऱ्याच्या दिवशी पाटलांनी आठवण दिली, "गुरवबुवा, येत्या चैत्रात महास्नान आहे बरं का."

गुरवाच्या हातातला घास हातातच राहिला. महास्नान बारा वर्षांनी एकदा यायचं. त्या दिवशी डोली नाही, कावडवाला नाही. उन्हं देवीच्या तोंडावर पडायच्या आत गुरवानं स्वतः, आपल्या पायांनी पाणी न्यायचं. मागच्या महास्नानाला आधीचा गुरव, म्हणजे याचा चुलता, घागर घेऊन निघाला तो परत आलाच नाही. घागर तेवढी मधल्या वळणावर सापडली. काठोकाठ भरलेली. कड्यावरून गेला असेल, असं लोक म्हणाले. पण कड्याखाली कुणी सापडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गुरव एकटाच पायऱ्या चढू लागला. धुकं दाटलं होतं. विसाव्या पायरीला छाती भरून आली, चाळिसाव्या पायरीला गुडघे बोलू लागले. रडतखडत तो साठाव्या पायरीपाशी, वळणावर पोचला आणि थबकला.

पुढची पायरी वेगळी होती. बाकीच्या काळ्या, शेवाळलेल्या. ही गुळगुळीत, पिवळसर, तुपाचा हात फिरवल्यासारखी. उंचीही दुप्पट. मधोमध एक खळगा होता, रोज कुणी बसून बसून पडावा तसा. गुरवानं हात लावला. पहाटेचा गारठा होता, पण दगड उबदार होता.

"दमलास ना? बस की," कुणीतरी म्हणालं.

गुरवानं चहूकडं पाहिलं. कुणी नव्हतं. आणि आवाज कुणाचा होता म्हणता? त्याचा स्वतःचाच.

कसाबसा पाय उचलून त्यानं ती पायरी ओलांडली. वर पोचून मोजणी संपवली तर एकशे एकवीस भरल्या. घरी येऊन त्यानं बायकोला पाठवलं. ती भराभर जाऊन आली.

"एकशे वीस तर आहेत! तुमचं लक्ष पोळ्यांत असेल."

गुरवानं ठरवलं, आता उपास. पहिल्या दिवशी त्यानं साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर रताळ्याच्या गोड चकत्या, वर शेंगदाण्याचे सात लाडू. बायको म्हणाली, "असा उपास असेल तर मलाही रोज धरायचाय!" मग त्याला राग आला आणि त्यानं खाणंच सोडलं. तीन दिवस नुसतं पाणी. चौथ्या पहाटे तो चढायला गेला. वळणावर डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती पायरी आता मांडीएवढी उंच झाली होती. खळगा त्याच्याकडं तोंड करून होता, आणि त्याच्याच मापाचा होता.

"बस," त्याचा आवाज म्हणाला. "एकदाच. क्षणभर."

गुरव वाकला. बसणार, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याचं उपरणं खस्सकन ओढलं.

ती त्याची काकी होती. हरवलेल्या गुरवाची बायको. ती रोज पहाटे येऊन साठावी पायरी पदरानं पुसायची. लोक म्हणायचे, दुःखानं डोकं फिरलंय बिचारीचं.

"उभा राहा, लेकरा," ती म्हणाली. "मलाही दिसतेय ती."

"काकी, काय आहे हे?"

काकीनं साठाव्या पायरीवर हात ठेवला. "आधी यांना नमस्कार कर. हे तुझे काका."

गुरवाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"मी लग्न होऊन आले तेव्हा पायऱ्या एकशे एकोणीस होत्या," काकी हळूच म्हणाली. "कुणालाही विचार, कुणाला आठवायचं नाही. पायरी मुरली की माणसं विसरतात. मी रोज यांच्यावर पदर फिरवते, म्हणून मी तेवढी विसरले नाही. तू बसलास तर उद्या तुझी बायकोसुद्धा पोरांना शिकवेल, पायऱ्या एकशे एकवीस, पहिल्यापासूनच."

"पण ही वाढते कशावर?"

"तुझ्या ताटावर. भूक संपल्यावर जो घास खातोस त्यातला अर्धा तुझ्या अंगाला लागतो, अर्धा तिच्या. आणि उपाशी राहिलास की तुला येते चक्कर, ती बसते वाट बघत. यांचंही असंच झालं. यांनी तर आठवडाभर तोंडात काही घातलं नव्हतं."

गुरव रडायला लागला. "मग मी करू तरी काय?"

"भुकेएवढं खा. भाकरी खा, पालेभाजी खा, आमटी खा, ताक पी. सणाला पोळी खा, पण एक. उरलेलं वाट. आणि रोज चढ. आज वीस पायऱ्या जमल्या तर वीस. उद्या एकवीस."

"किती दिवसांत जाईल ती?"

"आली किती दिवसांत?"

"सहा वर्षांत."

"मग चैत्रापर्यंत सगळी कशी जाईल? पण ओलांडता येण्याएवढी होईल. तेवढं पुरे."

त्याच दिवशी गुरवानं डोली परत केली. नैवेद्य आले की तो चिमूटभर तोंडात टाकायचा आणि ताटं घेऊन मेंढपाळांकडं, वाटसरूंकडं, शाळेच्या पडवीत जायचा. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. गुडघे ठणकायचे. पुरणाचा वास आला की तो जागेवर गोल गोल फिरायचा. एकदा न राहवून त्यानं दाराआड सहा करंज्या खाल्ल्या. दुसऱ्या पहाटे पायरी चार बोटं वर आली होती आणि खळग्यात करंजीचा चुरा पडलेला होता.

गुरव घाबरला, पण चढणं सोडलं नाही. संक्रांतीला तो न थांबता वळणापर्यंत गेला. पायरी गुडघ्याएवढी झाली होती. शिमग्याला वीतभर. त्याला आता रात्री गाढ झोप लागायची, आणि अंगरखा बायकोनं दोनदा आत घेऊन शिवला.

चैत्र आला. महास्नानाच्या पहाटे सगळं गाव कड्यावर जाऊन बसलं. गुरवानं नदीतून घागर भरली, खांद्यावर घेतली आणि एकटा निघाला. पायरी पायरी करत वळणावर आला.

ती होती. भाकरीएवढी जाड उरलेली. पण अजून उबदार.

"दमलास," ती त्याच्या आवाजात म्हणाली. या वेळी आवाज फार मायेचा होता. "खरं सांग, दमलास ना?"

आणि गुरव खरंच दमला होता. खांदा सोलवटला होता, पाय थरथरत होते. पूर्वेला तांबडं फुटलं होतं.

"दमलोय," गुरव म्हणाला. "म्हणून उभ्यानं श्वास घेतो."

त्यानं तीन श्वास घेतले. वाकून साठाव्या पायरीला हात लावला. मग डावा पाय उचलला आणि ती पायरी ओलांडून पलीकडं ठेवला.

घागरीचं पाणी देवीच्या डोक्यावरून ओघळलं आणि उन्हाची पहिली तिरीप तिच्या ओल्या कपाळावर पडली. ढोल वाजले. बायकोनं डोळे पुसले. दुपारी पंगत बसली. पाटील स्वतः वाढायला आले. गुरवाच्या पानात एक पोळी होती. त्यांनी दुसरी पुढं केली.

"गुरवबुवा, आज तरी घ्या! एवढा चढ चढून आलात."

गुरवानं पानावर आडवा हात धरला. "भरलं माझं पोट. त्या मेंढपाळाला वाढा."

तेव्हाच खालून, वळणाकडून, एक लांबलचक कण्हणं ऐकू आलं. भुकेल्या पोटी कुणी कण्हावं तसं. "वारा सुटलाय," पाटील म्हणाले. काकीनं मात्र गुरवाकडं बघून मान हलवली आणि आपल्या भाताचा घास सावकाश चावू लागली.

तात्पर्य काय, तर शरीराचं ओझं घासाघासानं चढतं आणि पावलापावलानंच उतरतं. त्याला खादाडपणा चालत नाही, उपासमारही चालत नाही. भुकेएवढं खावं, रोज चालावं, आणि दमलं तर उभं राहावं, पण बसून राहू नये.