गवारीतला नफा

“म्हणजे तोटा झाला, असं म्हणतोस?” स्वामींनी विचारलं.

“होय अप्पाजी. साडेपाच हजारांचा. हिला पुन्हा पैसे द्यायला नकोत.”

सिद्राम सोलापुरातली बँकेची नोकरी सोडून मठात आलेला. लहान शेतकऱ्यांना मठ बिनव्याजी पैसे देई, ते काम शरणाप्पा स्वामींनी त्याच्याकडं सोपवलेलं. हिशेबात आपली चूक होत नाही, असं तो दोनदा तरी बोलून दाखवी. रोज.

समोर गुरव्वा बसली होती. वीस गुंठ्यांत गवार करायला तिनं मठातून पाच हजार नेले होते. आज ते सगळे परत आणले होते आणि मिरचीसाठी सहा हजार मागत होती. नाही मिळाले तर रान दुसऱ्याला देऊन सासू-सून वीटभट्टीवर जाणार होत्या.

सून लगमव्वा दाराशी उभी होती.

“एकतीस हजारांची गवार विकली,” सिद्राम म्हणाला. “बी, खत, टेम्पोभाडं मिळून नऊ हजार गेले. आणि दोघींची मिळून एकशे दहा दिवसांची मजुरी, अडीचशेनं साडेसत्तावीस हजार.”

“मजुरी मी कुणाला दिली?” गुरव्वा म्हणाली. “बावीस हजार घरात आले की.”

“तेवढे दिवस दुसऱ्याच्या रानात गेला असता तर जास्त आले असते.”

“रोज कोण बोलवतंय आमाला?”

“तरी कष्टाची किंमत धरावीच लागते, आजी.”

स्वामी सिद्रामकडं वळले.

“सिद्राम, तू रोज मठ झाडतोस. त्याची मजुरी किती धरलीस?”

“त्याची कशी धरणार? मठ तर आपलाच...”

त्यानं हिशेबाची वही मिटली.

गुरव्वा खुलली. “तेच म्हणते मी. रान माझं हाय.”

“तुझं आहे,” स्वामी म्हणाले. “आणि लगमव्वाचं?”

...

स्वामींनी सुनेला आत बोलावलं. गवार तोडून तोडून तिच्या हातांवर मनगटापर्यंत पुरळ उठलं होतं.

“किती दिवस राबलीस, बाळ?”

तिनं सासूकडं पाहिलं. “मोजलं न्हाई, अप्पाजी.”

“यानं मोजलंय.”

“सत्तर,” सिद्राम हळूच म्हणाला. “एकशे दहातले सत्तर हिचे.”

“त्या बावीस हजारांतलं हिच्याकडं काय आलं, गुरव्वा?”

“घरातच हायेत की पैसे...” गुरव्वाचा आवाज खाली गेला.

“हिशेब माझाच चुकला,” म्हणत सिद्राम उठला. कपाटातून सहा हजार काढून त्यानं गुरव्वापुढं धरले.

स्वामींनी हात आडवा केला. “थांब.”

सिद्रामचा हात तसाच पुढं राहिला...

गुरव्वा सतरंजीवर थोडी सरकली. सुनेचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

“आता दे, दोघींना,” स्वामी म्हणाले.