दोनदा वाचलेलं पत्र

"पण माय, तिलाच का?"

त्या आठवड्यात सुभद्रेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. आनंदीमाय मठाच्या ओसरीत तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा काढून बाजूला टाकला.

"कोंडाचं वाचन ऐकता ऐकता माणसाला जांभई येते. आणि मला बारा वर्षं झाली तुझ्यापाशी..."

मायनं ताट तेवढं हलवलं.

पांझरा नदीच्या काठच्या त्या मठात एक जुना रिवाज होता. बाजारच्या दिवशी आसपासच्या बायका आपापली पत्रं घेऊन पायरीवर यायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. मठातलं कुणीतरी ती वाचून दाखवायचं. बारा वर्षं तो मान सुभद्रेचा होता. गळा गोड. पत्रसुद्धा ती पोथीच्या सुरात वाचायची. बायका हात जोडून ऐकायच्या आणि शेवटी पत्रालाच नमस्कार करून उठायच्या.

गेल्या महिन्यात मायनं तिथं कोंडाला बसवलं.

कोंडा मठात येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. बाराखडी शिकली तीसुद्धा सुभद्रेकडूनच. अजून ओळीखाली बोट धरून वाचायची, जागोजागी अडायची. बायकाच हसून म्हणायच्या, कोंडाचं वाचन म्हणजे चढावरची बैलगाडी, खाली उतरून ढकलावंसं वाटतं.

सुभद्रेला मात्र ते हसण्यावारी नेता येत नव्हतं. तेव्हापासून ती मायच्या हालचाली टिपत होती. परवा मायनं पहिली भाकरी कोंडाला वाढली. काल कोंडाच्या पायाला काटा लागला, तर दोनदा विचारलं. आज सकाळी तिच्याकडं बघून हसली. या सगळ्याचा अर्थ एकच होता, सुभद्रेला आता मठात जागा उरली नव्हती.

तेवढ्यात सकवारबाई आली. हातात लेकीचं पत्र. लेक सिंधू, पहिलटकरीण, दोन महिन्यांपूर्वी बाळंत होऊन नुकतीच सासरी गेलेली.

मायनं ते पत्र आज कोंडाला न देता सुभद्रेच्या हातात दिलं.

सुभद्रेनं कोंडाकडं एकदा बघून घेतलं. मग मांडी ठोकून बसली, गळा साफ केला आणि सूर धरला.

"तीर्थरूप आईस सिंधूचा नमस्कार. इकडे सर्व खुशाल. बाळ आता शहाणा झाला. रडत नाही. दिवसभर निजून असतो. दूधसुद्धा मागत नाही. सासूबाई म्हणतात, असं गुणी लेकरू या घरात झालं नाही. तू काळजी करू नकोस. यायची घाई करू नकोस."

कुठं अडखळणं नाही, कुठं दम घेणं नाही. सकवारबाईनं डोळे मिटून, हात जोडून ऐकलं. डोलली. पत्राला नमस्कार केला आणि जायला निघाली.

"बस जरा," माय म्हणाली. "कोंडा, आता तू वाच."

सुभद्रेनं चमकून मायकडं बघितलं. आपलं वाचून झाल्यावर पुन्हा?

कोंडा संकोचली. ताईंनी नीट वाचलंय की, म्हणाली. मायनं पत्र तिच्या हातात दिलं. मग कोंडानं ओळीखाली बोट ठेवलं.

"बाळ... आता... शहाणा झाला."

बोट पुढं सरकलं.

"रडत... नाही. दिवसभर... निजून... असतो."

सुभद्रेनं तोंडावर पदर धरला. हसू लपत नव्हतं.

"दूध... दूधसुद्धा... मागत नाही."

सकवारबाईचे जोडलेले हात सुटले.

"थांब बाई. काय म्हणालीस?"

कोंडानं पुन्हा वाचलं. तेवढाच वेळ लागला.

"दोन महिन्यांचं पोर... आणि दूध मागत नाही?"

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. पाच लेकरं वाढवलेली बाई. पिशवी उचलली आणि एसटीच्या फाट्याकडं चालू लागली. तिला गाडीची पाटी वाचता यायची नाही, म्हणून मायनं कोंडाला मागोमाग पाठवलं.

ओसरीत दोघीच उरल्या.

"माय, शब्द तर तेच होते. मी एकही चुकले नाही."

"नाही चुकलीस."

"मग?"

"कोंडाला मी पायरीवर बसवलं. तेवढ्यावरून तू महिनाभर केवढं वाचलंस, सुभद्रे. आणि सिंधूच्या तीन ओळींत काहीच नाही..."

माय तिथंच थांबली. पुन्हा तांदूळ निवडू लागली.

सुभद्रेचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. पोराचं काही बरंवाईट झालं तर? सगळं खुशाल म्हणून आपणच त्या आजीला घरी पाठवत होतो. तिनं पोथी उघडली. सूर लागेना.

सहाव्या दिवशी कार्ड आलं. अक्षर कोंडाचं, मोठंमोठं आणि वाकडं. मायनं ते सुभद्रेपुढं धरलं.

ती वाचू लागली. या वेळी सूर नव्हता. एकेका वाक्यापाशी ती अडत होती.

"आम्ही दवाखान्यात आहोत. पहिले दोन दिवस बाळ डोळे उघडत नव्हता."

थांबली. तीच ओळ पुन्हा बघितली.

"काल पहाटेपासून नुसता रडतोय. शेजारच्या खाटेवरची बाई भांडली. नर्सबाई रागावल्या."

सुभद्रेनं कार्ड खाली केलं. डोळे पुसले आणि मायकडं बघून हसली. "पोर बरं झालं, माय."

"असं लिहिलंय?"

"नाही. पण झालं."

पुढं दोनच ओळी होत्या. "सिंधू मला सोडत नाही. अक्षर चुकलं असेल तर ताईंनी सुधारून घ्यावं."

सुभद्रेचं हसू त्या ओळींपाशी मावळलं.

"आता काय झालं?" मायनं विचारलं.

"पोर बरं झालं, याचा आनंद आहे, माय. खोटं नाही सांगत. पण ते तिच्यामुळं झालं... हे सलतं. तिकडं ते सगळे तिला डोक्यावर घेत असतील. इथं ती आणखी महिनाभर येऊच नये, असं वाटतं मला."

बोलली आणि मान खाली घातली. आता माय गाठोडं बांधायला सांगेल, असं तिनं गृहीत धरलं होतं.

मायनं कार्ड तिच्या हातातून घेऊन पोथीत ठेवलं.

मग म्हणाली, "आज तू कार्डात न लिहिलेलं वाचलंस, आणि स्वतःच्या मनातलंही. उद्या बाजार आहे. पायरीवर तू बस."