नाव पुसण्याआधी

एकदा एका आडत व्यापाऱ्याच्या घरात परक्याचं नाव शिरलं. झालं असं, की शेठ सकाळी लॅपटॉप उघडून बसले आणि घरच्या वायफायवर कोणकोणती यंत्रं जोडलेली आहेत, ती यादी त्यांनी सहज पाहिली. मुलाचा संगणक होता, सुनेचा लॅपटॉप होता, प्रिंटर होता. आणि त्यांच्या मधोमध 'हलगुडे-पीसी' असं एक नाव होतं.

हलगुडे म्हणजे त्याच बाजारपेठेतला दुसरा आडत्या, शेठचा जुना प्रतिस्पर्धी. त्याच्या संगणकाचं नाव आपल्या घरात दिसतंय म्हटल्यावर शेठच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच आठवड्यात तुरीचा एक मोठा सौदा हलगुडेनं ऐन वेळी त्यांच्या हातून काढून घेतला होता. शेठच्या मनात दोन्ही गोष्टींची घट्ट गाठ बसली. घरातून कुणीतरी बातम्या पुरवतंय, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

आता संशय आला म्हणजे त्याला बसायला एक माणूस लागतो. तो शोधायला लांब जावं लागलं नाही. शेठची सून शिवलीला लग्नाआधी हलगुडेच्या पेढीवर हिशेबाचं काम बघायची. यात लपवाछपवी काही नव्हती. उलट 'कामाची पोरगी आहे' म्हणून शेठनीच तिला पसंत केलं होतं. पण माणूस एकदा धास्तावला, की कालपर्यंत ज्या गुणाचं कौतुक केलं तोच त्याला पुरावा वाटायला लागतो. शेठनी तिचा लॅपटॉप मागून घेतला आणि तपासला. काही सापडेना, तेव्हा पुसून टाकलं असणार म्हणाले. मग तो बंद करून कपाटात ठेवला, कुलूप लावलं. तरी नाव दिसतच राहिलं. इथे तरी शहाण्या माणसानं थांबावं की नाही? पण नाही. हिच्याजवळ दुसरं एखादं यंत्र दडवलेलं आहे, असा शेठनी अर्थ काढला.

घरातलं बोलणं आटलं. शिवलीला खोलीत आली की शेठ फोनवरचं बोलणं मध्येच तोडायचे. सासू कामापुरतं बोलायची. नवऱ्याचा बायकोवर विश्वास होता, पण बापासमोर ते म्हणायची त्याची छाती नव्हती. आणि असा विश्वास काय कामाचा, हे मी वेगळं सांगायला नको. शेवटी शेठनी तिच्या भावाला निरोप धाडला, की बहिणीला घेऊन जा. भाऊ त्याच दिवशी संध्याकाळी यायचा होता. एकदा 'फितूर' म्हणून माहेरी धाडलेल्या मुलीला त्या गावात पुन्हा ताठ मानेनं चालता आलं नसतं, हे घरात प्रत्येकाला माहीत होतं.

दुपारी मुलानं कसाबसा धीर केला आणि एका वृद्ध मास्तरांना बोलावून आणलं. मास्तरांनी सारं आयुष्य तंत्रशाळेत यंत्रं दुरुस्त करायला शिकवण्यात घालवलं होतं. सोबत त्यांचा एक शिष्य होता. मोठा हुशार, हाताचा चपळ, आणि त्या चपळाईचा थोडा अभिमान बाळगणारा. मास्तरांनी त्याला आतल्या खोलीत शेठच्याच लॅपटॉपसमोर बसवलं आणि स्वतः बैठकीत शेठचं म्हणणं शांतपणे ऐकत राहिले.

शिष्याला फार वेळ लागला नाही. यादीत दिसणारं ते यंत्र तो ज्याच्यासमोर बसला होता तेच होतं. दुरुस्तीवाल्याला फोन लावून त्यानं बाकीचंही विचारून घेतलं. गेल्या महिन्यात शेठच्या लॅपटॉपची डिस्क बिघडली होती. दुरुस्तीवाल्यानं नवी बसवताना सगळं पहिल्यापासून भरायचा कंटाळा केला आणि आधीच्या गिऱ्हाइकासाठी तयार केलेल्या डिस्कचीच नक्कल जशीच्या तशी तिच्यावर उतरवली. ते आधीचं गिऱ्हाईक हलगुडे. त्याच्या संगणकाचं नावही त्या नकलेबरोबर आलं होतं. आणि अशा यादीत आपलं स्वतःचं यंत्रही दिसत असतं. शेठ जेव्हा जेव्हा चोर बघायला बसत, तेव्हा तेव्हा त्यांना त्यांचाच लॅपटॉप दिसत होता. आपलं यंत्र यादीत कोणत्या नावानं आहे, हे बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

शिष्यानं मास्तरांना हळूच आत बोलावून सगळं दाखवलं. नवं नाव त्यानं लिहूनही ठेवलं होतं. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं. मिनिटाचं काम आहे, सुनबाईंचा भाऊ यायच्या आत घर मोकळं होईल, असं तो उत्साहानं म्हणाला.

मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. "दाबू नकोस. लिहिलंस तेही खोड."

शिष्याला वाटलं आपण चुकलो. त्यानं पुन्हा समजावायला सुरुवात केली, पण मास्तर बाहेर निघूनही गेले होते. बैठकीत येऊन त्यांनी शेठना सांगितलं, की कारण सापडलं आहे. मात्र घरातली सगळी माणसं, सुनबाई आणि त्यांचा भाऊ समोर बसल्याशिवाय मी ते सांगणार नाही आणि दुरुस्तही करणार नाही. शेठ भडकले. दुरुस्तीला आलात तर दुरुस्ती करा, आमच्या घरच्या भानगडीत पडू नका, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि ते खुर्चीवर बसून राहिले.

तो तासभर शिष्याला खायला उठला. आत कपडे भरल्याचा आवाज येत होता. एकदा शिवलीला पाणी द्यायला बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले त्यानं पाहिले आणि मान खाली घातली. या पोरीला एका शब्दात सोडवता येतं आणि म्हातारा गप्प बसलाय, याचा त्याला मनस्वी राग आला. आपल्या गुरूच्या काळजाला दगड म्हणण्यापर्यंत त्याची मजल गेली, मनातल्या मनात.

भाऊ आला. त्यानं पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही, बसलाही नाही.

मग मास्तरांनी मुलाच्या संगणकावर ती यादी उघडायला लावली. सगळे भोवती उभे राहिले. 'हलगुडे-पीसी' सगळ्यांना दिसलं. शेठनी भावाकडे, बघा म्हणून, हात केला.

"शेठ, तुमचा लॅपटॉप बंद करा," मास्तर म्हणाले. "तुमच्या हातानं."

शेठनी तो चिडूनच बंद केला. यादी लगेच बदलली नाही. सासूनं पदर तोंडाशी धरला होता. थोड्या वेळानं मुलानं यादी पुन्हा आणली आणि त्यात ते नाव नव्हतं. मास्तरांनी लॅपटॉप चालू करायला सांगितला. नाव परत आलं. मग कुणी न सांगता शेठनी स्वतःच तो पुन्हा बंद केला आणि पडद्याकडे बघत राहिले. नाव पुन्हा गेलं. शेठ लॅपटॉप पुढ्यात ओढून बसले.

मास्तरांनी डिस्कची हकिकत थोडक्यात सांगितली. तुमचा सौदा कुणी फोडला की तो नुसताच हातचा गेला, ते मला ठाऊक नाही, म्हणाले. या नावाचा मात्र त्याच्याशी काडीचा संबंध नाही. मग त्यांनी लॅपटॉप चालू करवून शेठच्याच हातून नवं नाव लिहवून घेतलं आणि बटण दाबायला लावलं.

शेठ उठले. स्वतःच्या मुलापेक्षा लहान असलेल्या त्या भावासमोर त्यांनी हात जोडले आणि चूक माझी होती, तिचं काही नव्हतं, असं सर्वांदेखत म्हणाले. शिवलीलानं आतून भरलेली पिशवी आणली.

"अण्णा, दादा आलाच आहे तर मी चार दिवस जाऊन येते," ती सासऱ्यांना म्हणाली. "तुम्ही धाडताय म्हणून नाही. मला आईला भेटायचंय म्हणून."

परतीच्या वाटेवर शिष्याला राहवेना. हेच काम दुपारी झालं असतं, त्या पोरीचा जीव इतका वेळ टांगणीला का लावलात, असं त्यानं जवळजवळ जाबच विचारल्यासारखं विचारलं.

मास्तर म्हणाले, "दुपारी तू बटण दाबलं असतंस, तर नाव गेलं असतं. मग आपण कितीही कारणं सांगितली असती, तरी आज ती घराबाहेर पडल्यावर शेठ काय म्हणाले असते?"

शिष्य चालता चालता थांबला. त्याला उत्तर लगेच कळलं होतं, पण ते तोंडातून काढायला जड गेलं.

"तिला धाडायचं ठरलं आणि नाव गेलं."

"हो. आणि तुझ्या चांगल्या दुरुस्तीनं ते कायमचं खरं ठरलं असतं. यंत्रातला दोष यंत्रात मिटवता येतो रे. पण तो एखाद्या माणसाच्या माथी मारला गेला असेल, तर आधी सगळ्यांसमक्ष तिथून उतरवावा लागतो. पुसून टाकल्यावर दाखवणार काय?"

दुपारी आपण मनात मास्तरांना काय म्हणालो होतो, ते शिष्याला आठवलं आणि पुढचा सारा रस्ता तो त्यांच्या मागून, एक पाऊल अंतर ठेवून चालत राहिला.

आपल्याही घरात एखादी चूक गुपचूप सावरायला निघताना, ती तोवर कुणाच्या नावावर पडलेली आहे, एवढं आधी बघावं.