तळघरातला रांजण

“इथं प्यायला पानी मिळंल का, बाबा?”

चिद्घनचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

मठाच्या तळघरातलं हे संग्रहालय त्यानंच उभं केलं होतं. साधनेच्या जुन्या खोल्या झाडून काढल्या, काचेची कपाटं बसवली. मठ स्थापणाऱ्या आदिमहाराजांच्या खडावा, कुबडी आणि मधल्या खोलीत त्यांचा रांजण. दुष्काळात ते याच रांजणातून वाटसरूंना पाणी पाजत. ही हकिकत सांगताना चिद्घनचा आवाज भरून येई, ऐकणारे डोळे पुसत. आज तर त्याचे गुरू सोमपुरी महाराज स्वतः लोकांच्या मागे येऊन उभे होते.

आणि नेमकी आताच ही म्हातारी...

“आजी, हे संग्रहालय आहे. पाणी वर मिळतं,” तो म्हणाला. “ऐकायचं नसेल तर बाहेर जाऊन बसा.”

म्हातारी जिन्याकडे वळली. पायऱ्या उंच होत्या. भिंत धरून थोडी चढली आणि तिथंच खाली बसली.

“तर,” चिद्घननं हकिकत पुढे नेली, “दाराशी आलेल्या तहानलेल्याला आदिमहाराज कधीही...”

सोमपुरी महाराज तिच्या शेजारून वर गेले. थोड्या वेळानं तांब्या-भांडं घेऊन, गुडघ्यावर हात टेकत उतरले. पायरीवर तिच्याजवळ बसले. भांडं भरून दिलं.

ती घटाघटा प्यायली. तळघरात तेवढाच आवाज होता.

चिद्घनला पुढचं सगळं तोंडपाठ होतं. ओठांवर येईना. लोक त्याच्याकडे पाहत नव्हते, रांजणाकडेही नाही.

तो जिन्यापाशी गेला. “आजी...”

ती गडबडून उठू लागली. “ऱ्हाऊ द्या, बाबा. माझंच चुकलं. तुमी चांगलं सांगत हुता, मीच मधी बोलले.”

चिद्घनला वर बघवेना. कमरेच्या किल्ल्या काढून त्यानं महाराजांच्या पायाशी ठेवल्या.

“हे काम दुसऱ्या कुणाला द्या, महाराज. मी जातो.”

“कुठं?”

“ठाऊक नाही... इथं तोंड दाखवायला जागा उरली नाही.”

महाराजांनी किल्ल्यांना हात लावला नाही. तांब्यात उरलेलं पाणी भांड्यात ओतलं आणि त्याच्यापुढे धरलं.

“जा. पाणी पिऊन जा.”